प्रवासी कोणाला म्हणायचं?

उत्तर प्रदेशातल्या हिंदी वर्तमानपत्रात ‘प्रवासी मजदूर’ हे शब्द वाचले की मराठी वाचक क्षणभर अडखळतो. आपल्याकडे प्रवासी म्हणजे एस.टी.त तिकीट काढून बसलेला माणूस, नाहीतर हौसेनं मुलूख बघायला निघालेला. मजुराला आपण प्रवासी म्हणत नाही. त्याच्यासाठी आपण वेगळे शब्द राखून ठेवलेत: शासकीय कागदावर ‘स्थलांतरित’, भाषणात ‘परप्रांतीय’, संख्या मोठी वाटली की ‘लोंढे’ आणि लोकलच्या डब्यात ‘भैया’. हिंदीनं संस्कृतातला जुना अर्थ सोडलेला नाही. प्रवास म्हणजे घर सोडून दुसरीकडे वास करणं. शब्दाच्या पोटातच राहणं आहे. मराठीनं त्यातलं राहणं गाळलं आणि हिंडणं तेवढं ठेवलं.

हा भाषेचा सहज झालेला बदल असेलही, पण आज तो कोणाच्या सोयीचा आहे ते बघायला हवं. कमी पैशांत, दूरच्या मुलखात, महिनोन्महिने राहून, हाताला मिळेल ते काम करून जगणारी माणसं दोन प्रकारची आहेत असं आपण धरून चाललोय. एकाला आपण व्याख्यानाला बोलावतो, त्याची पुस्तकं छापतो, ‘नोकरी सोडून जग बघायला निघालेला अवलिया’ म्हणून त्याचे फोटो टाकतो. दुसऱ्याकडे ओळखपत्र मागतो. दोघं करतात ते एकच. फरक आहे तो चलनाचा, पासपोर्टचा आणि परत जाण्याच्या मुभेचा.

मी हे वाराणसीतून लिहितो आहे, आणि या शहरात ही दोन्ही माणसं एकाच गल्लीत भेटतात.

महिनोन्महिने राहणारे परदेशी ही वाराणसीला नवी गोष्ट नाही. स्विस शिल्पकार अ‍ॅलिस बोनर १९३६ साली अस्सीवर राहायला आल्या आणि पुढची सुमारे चार दशकं त्यांचं घर तिथंच होतं. अ‍ॅलन गिन्सबर्ग डिसेंबर १९६२ पासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दशाश्वमेधाजवळच्या एका खोलीत राहिला. त्याच्या भारतातल्या नोंदवह्यांचं पुस्तक १९७० साली निघालं. आमच्या लघुनियतकालिकांच्या पिढीनं त्याच्या मुंबईतल्या मुक्कामाच्या कथा अजून जपून ठेवल्यात. आज अस्सीच्या गल्ल्यांत राहणारे तबला शिकतात, योग शिकतात आणि थोड्याच दिवसांत शिकवूही लागतात. कोणी लॅपटॉपवर आपल्या देशातल्या कंपनीचं काम करतं. पर्यटक व्हिसावर भारतात नोकरी-धंदा करता येत नाही आणि एका वेळी फार तर १८० दिवस राहता येतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मुदत भरत आली की सोनौलीची बस पकडायची, नेपाळात काही दिवस काढायचे आणि परत यायचं, ही वाटही सगळ्यांना ठाऊक असते. याला कोणी घुसखोरी म्हणत नाही. म्हणावं असंही माझं म्हणणं नाही.

अलीकडे त्यांच्या शेजारच्या खोलीत पुण्या-मुंबईची मुलं असतात. पगार हिंजवडीचा, मुक्काम गंगेकाठी. सहा महिने राहूनही भोजपुरीचं एक वाक्य येत नाही, घरमालकाशी बोलणं मोडक्या हिंदीत आणि हुज्जत शंभर रुपयांवरून. ही मुलंही इथं परप्रांतीयच आहेत. पण त्यांना त्या नावानं हाक मारल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

आता उलट्या दिशेनं बघू. वाराणसी कॅन्ट स्टेशनावरून महानगरी एक्सप्रेस सुटते आणि अलाहाबाद, जबलपूर, इटारसी, भुसावळ करत मुंबईला येते. तिच्या जनरल डब्यात बसलेला तरुण जौनपूरचा असेल, भदोहीचा असेल, नाहीतर वाराणसीतल्याच बजरडीहाचा विणकर असेल. बनारसी साडी विकली जाते ती किंमत आणि विणणाऱ्याच्या हाती पडते ती मजुरी यांतलं अंतर वाढत गेलं, पॉवरलूमनं हातमागाचा गळा धरला, तेव्हा विणकरांची पोरं सुरत आणि भिवंडीच्या वाटेला लागली. २०२४-२५ साली उत्तर प्रदेशात रोजगार हमीची दिवसाची मजुरी होती २३७ रुपये, महाराष्ट्रात २९७. तेही काम वर्षभर मिळत नाही. भिवंडीत किंवा नालासोपाऱ्यात एका खोलीत आठ-दहा जण राहतात, पाळ्या लावून झोपतात, एकत्र स्वयंपाक करतात, नव्या शहराचे रस्ते पाठ करतात, नवी भाषा कानावर घेतात. कमी खर्चात परमुलखात दीर्घकाळ कसं राहावं यावर पुस्तक लिहायचा अधिकार कोणाला असेल तर तो यांना आहे. पण ते लिहीत नाहीत आणि आपण विचारत नाही.

‘वाराणसी किती स्वस्त आहे!’ हे वाक्य मी इंग्रजीत, हिंदीत आणि मराठीत इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचा राग येतो. शहर आपोआप स्वस्त होत नसतं. नावाड्याची मजुरी कमी, म्हणून नाव स्वस्त. घाटावर चादरी आपटणाऱ्या धोब्याचे हात स्वस्त, म्हणून खोलीतली चादर स्वस्त. आणि एवढ्या मजुरीत त्यांची घरं चालतात तरी कशी? घरातला एक तरी जण बाहेर असतो म्हणून. भिवंडीहून, सुरतेहून, आखातातून येणारे पैसे इथल्या चुली पेटत्या ठेवतात, आणि चुली पेटत्या राहतात म्हणून इथली मजुरी आहे तिथंच राहू शकते. म्हणजे अस्सीवर स्वस्तात राहणाऱ्या फिरस्त्याच्या मुक्कामाला नालासोपाऱ्यातल्या कामगाराचा हातभार लागलेला असतो. ज्याला तो ‘साधेपणानं जगणं’ म्हणतो, त्याचं उरलेलं बिल दुसरा कोणीतरी भरतोय.

ही तुलना ताणलेली वाटत असेल तर २०२०चे दोन महिने आठवा. मार्चच्या शेवटी देश बंद झाला. ३१ मार्चला केंद्राच्या पर्यटन मंत्रालयानं भारतात अडकलेल्या परदेशी पर्यटकांसाठी ‘स्ट्रँडेड इन इंडिया’ नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. गृह मंत्रालयानं त्यांच्या व्हिसाच्या मुदती शुल्क न घेता वाढवल्या. हे योग्यच झालं. परक्या देशात अडकलेल्या माणसाशी असंच वागायला हवं. त्याच आठवड्यांत आपलेच लोक महामार्गांवरून चालत होते. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाडला मालगाडीखाली १६ मजूर गेले. ते मध्य प्रदेशातले होते. जालन्याहून भुसावळकडे गाडी मिळेल या आशेनं रुळांवरून चालले होते आणि थकून तिथंच झोपले होते. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. एकाच देशात, एकाच वेळी, घरापासून दूर अडकलेली दोन प्रकारची माणसं. एकाचं अडकणं ही सरकारला आपली जबाबदारी वाटली, दुसऱ्याचं चालणं ही कायदा-सुव्यवस्थेची अडचण ठरली.

सीमेपलीकडे जायचं तर हीच प्रतवारी पासपोर्टवर छापलेली असते. १९८३च्या उत्प्रवास कायद्यानुसार दहावी न झालेल्या भारतीयाला आखाती देशांसह १८ देशांत कामासाठी जाताना सरकारची वेगळी मंजुरी घ्यावी लागते. त्याच्या संरक्षणासाठी ही तरतूद आहे हे खरं. पण जानेवारी २०१८ मध्ये अशांचे पासपोर्ट नारिंगी रंगाचे करायचं सरकारनं जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर त्याच महिन्यात मागं घेतलं, तेव्हा संरक्षण कुठं संपतं आणि शिक्का कुठं सुरू होतो ते दिसलं. युरोपात हिंडायला जायचं म्हटलं तर शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. उत्तर प्रदेशातल्या रोजगार हमीच्या महिनाभराच्या मजुरीहून जास्त. वर बँकेतली शिल्लक दाखवा, नोकरीचं पत्र दाखवा, परतीचं तिकीट दाखवा. आणि नकार आला तर शुल्क परत नाही. दशाश्वमेधाचा नावाडी बर्लिनला जाऊन सहा महिने स्वस्तात राहीन, जमलं तर नाव वल्हवायला शिकवीन असं म्हणू शकत नाही. बर्लिनचा माणूस इथं येऊन म्हणू शकतो. म्हणून त्याच्या मोकळेपणाला मी स्वभाव मानत नाही. ती त्याच्या सरकारनं त्याला दिलेली सवलत आहे.

यावर तीन उत्तरं मिळतात. पहिलं: फिरस्ता पैसा आणतो, परप्रांतीय पैसा नेतो. मुंबईच्या इमारती, भिवंडीचं कापड, टॅक्सी, दूध हे सगळं कोणाच्या श्रमांवर उभं आहे ते बघितलं तर हे उत्तर टिकत नाही. तो आपल्या वाट्याची मजुरी नेतो. त्याहून कितीतरी जास्त इथं ठेवून जातो. दुसरं: फिरस्ता हक्क मागत नाही, मत मागत नाही. कारण त्याला परतीचं तिकीट आहे. हक्क मागण्याची पाळी ज्याला राहायचंय त्याच्यावर येते.

तिसरं उत्तर गंभीर आहे: मराठीची मराठी मुलखातच होणारी आबाळ. ती मला खोटी वाटत नाही. बँकेच्या खिडकीवर मराठी बोलणाऱ्याला हिंदीत उत्तर मिळतं तेव्हा मलाही चीड येते. पण २००८ साली रेल्वेभरतीच्या परीक्षेला मुंबईत आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मारहाण झाली, त्यानं मराठीचं काय भलं झालं? भाषेची अपेक्षा ठेवायची तर ती सगळ्यांकडून सारखी ठेवा. अंधेरीतल्या परदेशी कंपनीच्या साहेबाकडून ठेवा, वांद्र्यात वर्षानुवर्षं राहणाऱ्या नटाकडून ठेवा, आणि वाराणसीत सहा महिने राहणाऱ्या आपल्या मुलाकडूनही भोजपुरीची ठेवा. फक्त भाजी विकणाऱ्याकडूनच व्याकरण मागायचं, हा भाषाभिमान स्वस्तातला आहे.

आणि परमुलखात राहून तिथली भाषा आपलीशी करण्याचं उदाहरण तर वाराणसीतलंच, मराठी घरातलं आहे. बाबूराव विष्णू पराडकरांचा जन्म १८८३ साली इथल्या मराठी कुटुंबात झाला. ‘आज’ या दैनिकाचे संपादक म्हणून त्यांनी हिंदी पत्रकारितेची भाषा घडवली. मैदागिनला त्यांच्या नावाचं स्मृती भवन आहे आणि तिथल्या सभेत कोणी त्यांना परप्रांतीय म्हणत नाही. भोजपुरी आईबापांच्या मुंबईत जन्मलेल्या एखाद्या मराठी पत्रकाराच्या नावाचं सभागृह आपण दादरला कधी बांधू, याचा विचार करून बघावा.

दीर्घकाळ, कमी पैशांत, दूर राहून काम करणाऱ्या मराठी माणसाचा आदर्शच हवा असेल तर तो आपल्याकडे आहे, आणि त्याची वाट वाराणसीवरूनच जाते. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९च्या अखेरीस घरातून निघाले. बुद्धाविषयी मुळातून शिकायचं, एवढंच ठरलेलं. पुणे, ग्वाल्हेर करत ते काशीला पोचले, अन्नछत्रात जेवून गंगाधरशास्त्री तेलंगांकडे संस्कृत शिकले. तिथून नेपाळ, मग श्रीलंका, मग ब्रह्मदेश. पुढं कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवलं. सयाजीराव गायकवाडांनी महाराष्ट्रात राहून काम करण्यासाठी दरमहा ५० रुपये देऊ केले, तेव्हा कलकत्त्याची जास्त पगाराची नोकरी सोडली. १९१० पासून ते अनेकदा हार्वर्डला गेले, तिथं ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनाचं काम केलं. ते संपादन छापून आलं १९५० साली, ते गेल्यानंतर तीन वर्षांनी. त्यांनी रशियातही काही काळ काढला. आजच्या भाषेत हे सगळं ‘बजेट ट्रॅव्हल’ आहे. पण कोसंबींच्या ‘निवेदन’ या आत्मकथनात पैसा लपवलेला नाही. कुठं कोणी जेवू घातलं, कोणाकडून उसने घेतले, वर्गणी कोणी दिली, हे सगळं त्यात येतं.

मी त्यांना देव्हाऱ्यात बसवत नाही. ते निघाले तेव्हा घरी पत्नी बाळाबाई होत्या आणि काही महिन्यांची मुलगी होती. पुढची सहा-सात वर्षं त्या दोघींनी कशी काढली, हा त्या प्रवासाच्या खर्चाचाच भाग आहे, आणि तो बाळाबाईंनी भरला. भोजपुरीनं हा खर्च विसरू दिलेला नाही. भिखारी ठाकुरांचं ‘बिदेसिया’ हे नाटक कमाईला कलकत्त्याला गेलेल्या नवऱ्याइतकंच मागं राहिलेल्या बायकोचं आहे. गेलेल्याचा प्रवास आणि राहिलेलीचं राहणं अशी एकाच वहीत मांडणी त्या भाषेत झाली. मराठी प्रवासवर्णनात मागं राहिलेली बाई सहसा विमानतळावर हात हलवण्यापुरती येते.

अन्नछत्राचाही हिशेब मांडायला हवा. काशीत मराठी विद्यार्थ्याला वर्षानुवर्षं फुकट राहता-जेवता यायचं, कारण पेशवे, होळकर, शिंदे, भोसले यांनी घाट, वाडे आणि छत्रं उभारली होती. तो पैसा माळव्याच्या आणि महाराष्ट्राच्या रयतेचा होता. आणि पंगतीला बसायचं तर जात बघितली जायची. ज्या कुणब्याच्या साऱ्यातून ती पंगत उठत होती, त्याच्या पोराला तिथं पान मांडलेलं नव्हतं. स्वस्त मुक्कामामागं कोणाचे तरी श्रम असतात ही गोष्ट लॅपटॉपबरोबर आलेली नाही.

आपल्या प्रवासलेखनाची सुरुवात मात्र प्रामाणिक होती. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते घरावरचं कर्ज फेडायला. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, हे ऐकून निघालेला तो कामगारच होता. त्याचं काम पौरोहित्याचं होतं एवढंच. बंडात सापडला, झाशीचा वेढा आतून पाहिला, मिळवलेलं लुटलं गेलं, शेवटी गंगेच्या पाण्याची कावड घेऊन घरी आला. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या त्याच्या पुस्तकाचं नाव ‘माझा प्रवास’. त्या नावातल्या ‘प्रवास’ या शब्दात कर्ज, कमाई, मुक्काम, भीती, परतणं सगळं आहे. पोटासाठी निघालो हे सांगताना त्याला संकोच वाटत नाही. एका कमावायला निघालेल्या माणसाच्या हकीकतीनं आपण प्रवासलेखन सुरू केलं, आणि शंभर-सव्वाशे वर्षांत ते न्याहारीच्या यादीवर आणून ठेवलं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. दीर्घ प्रवासावर मराठीत लिहिणाऱ्यानं हिशेब मांडावा. पैसा कुठून येतो, खोलीचं भाडं किती, ती झाडतं कोण आणि त्या माणसाला किती मिळतात, कोणत्या कागदावर राहतोय, तो कागद कोणाला मिळत नाही, घर कोण सांभाळतंय. माझा हिशेब असा: दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीत महिना सहा हजारांची खोली, हिंदीतून मराठीत भाषांतराचं काम, पैसे पुण्याहून येतात, आई बहिणीकडे असते. म्हणजे मी इथला स्थलांतरित कामगार आहे. मला ‘काशीत रमलेला लेखक’ म्हणून कोणी ओळख करून देऊ नये.

हिशेब मांडला की प्रवासाची गंमत जाते अशी तक्रार होईल. जी गंमत हिशेबानं जाते ती गेलेली बरी. शहराबद्दल उत्सुकता, नव्या भाषेचा पहिला शब्द तोंडात बसण्याचा आनंद, अनोळखी माणसानं पुढं केलेला कुल्हड, यातलं काही हिशेबानं जात नाही. भिवंडीत नव्यानं उतरलेल्या विणकराच्या पोरालाही हे सगळं मिळत असतं. त्यानं पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा काय वाटलं, हे मला कुठल्याही प्रवासवर्णनापेक्षा वाचायला आवडेल.

‘प्रवासी’ या शब्दातला गाळलेला वास परत घालायचा तर कोशात दुरुस्ती करून भागणार नाही. महानगरी एक्सप्रेस ज्या शहरात माणसं उतरवते, तिथं त्या जनरल डब्यातून पिशवी घेऊन उतरणाऱ्याला हा शब्द आधी लावावा लागेल. तो त्याला बसत नसेल, तर तो आपल्यालाही बसत नाही.